दहा बादल्या सोडून

निळे डाग

पायावरचे डाग आधी माझ्या बायकोला, सुनंदाला दिसले. मी पलंगावर पाय सोडून बसलो होतो आणि ती फरशी पुसत होती. "हे कुठं आपटलं?" तिनं विचारलं. कुठंच आपटलं नव्हतं. नडगीवर, पोटरीवर रुपयाएवढे डाग पडले होते, मधे निळे, कडेला जांभळे आणि पिवळसर. मी त्यांच्याकडे बघत बसलो. भीती नंतर वाटली. आधी ते रंग मला ओळखीचे वाटले. बादलीतल्या पाण्यात पेट्रोलचा थेंब पडला की तो असाच पसरतो.

त्याच आठवड्यात दात घासताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. जिना चढताना मधेच दोनदा थांबावं लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट बघून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इथं कसे आलात? रिक्षानं?"

"चालत आलो."

"जाताना चालू नका," ते म्हणाले.

त्या दिवसाचं मला एवढंच स्पष्ट आठवतं. बाहेर रस्त्यावर ऑटो, फळांचे गाडे, गुरुद्वाऱ्याकडे चाललेली माणसं, सगळं काचेच्या पलीकडं असल्यासारखं आवाज न करता सरकत होतं. सुनंदानं माझा दंड धरला होता. मला वाटत होतं, तिनं हात सोडला तर मी फुग्यासारखा वर जाईन.

लातूर

सुनंदाचं माहेर लातूरचं. तिच्या भावाचं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, म्हणून आम्ही तिकडं गेलो. तिथं माझ्या कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. फार दुखलं असं म्हणणार नाही, पण आतून काहीतरी ओढलं जातंय, आपल्याला माहीतच नसलेल्या खोलीतून, असं वाटतं. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना एक सांगतो. कुणाचा तरी हात धरा आणि लाजू नका. मी मेहुण्याचा धरला होता. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला.

"हाडातल्या मगजानं रक्त बनवायचं काम जवळजवळ सोडून दिलंय," लातूरचे डॉक्टर म्हणाले. "हा कॅन्सर नाही. पण किरकोळही नाही." मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करत होता?"

"पेट्रोल पंपावर मॅनेजर. पंप बंद होईपर्यंत."

त्यांचा पेन क्षणभर थांबला.

"पेट्रोलच्या वासानं झालं का हे?" मी विचारलं.

"असेल, नसेलही. एका माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही."

मी मात्र तिथं खुर्चीवरच कारण नक्की करून टाकलं होतं. शिक्षा. आज मला कळतं की आजार म्हणजे शिक्षा नव्हे. शेजारच्या खाटेवरच्या चौथीतल्या मुलीनं काय केलं होतं? तिलाही तेच झालं होतं. तुम्ही आजारी असाल तर स्वतःवर असा खटला भरू नका. पण मी एक गोष्ट केली होती हेही खरं आहे, आणि या आजारानं मला अशा जागी आडवं पाडलं की तिच्याकडे बघण्यावाचून इलाज राहिला नाही.

उडालं

आमचा पंप नांदेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. तिथली दुपार मला अजून स्वप्नात दिसते. तापलेल्या डांबरावरची हवा हलते, समोरची बाभूळ पाण्यात असल्यासारखी लवते, आणि त्या गोडसर वासानं डोकं हलकं होतं. तो वास मला आवडायचा. घरी गेल्यावर सुनंदा शर्ट लांब धरायची आणि मी तो नाकाशी न्यायचो.

जमिनीखाली तीन टाक्या होत्या. रोज सकाळी मी प्रत्येक टाकीत खुणा केलेली लांब काठी सोडायचो. ओली खूण कुठवर आली ते बघून माल किती आहे ते कळतं. याला आम्ही डिप घेणं म्हणायचो. पेट्रोल हवेत उडतं, त्यामुळं थोडीफार तूट रोजचीच. आमच्या पंपावर त्या तुटीसमोर एकच शब्द लिहायचा रिवाज होता : उडालं. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या मॅनेजरनं हेच शिकवलं होतं. "कमी भरलं की उडालं लिहायचं, विचार करत बसायचं नाही."

तीन नंबरची टाकी सगळ्यात जुनी, ऑफिसच्या ओट्याखाली. एका पावसाळ्यात तिच्यात तूट वाढायला लागली. टाकीत पाणी शिरलंय का हे बघायला काठीच्या टोकाला एक लेप लावतात. पाणी लागलं की तो लालभडक होतो. त्या सकाळी काठी वर काढली तर टोक कुंकवासारखं लाल. टाकीला भोक पडलं होतं. आणि जिथून पाणी आत येतं तिथून पेट्रोल बाहेर जातं, हे कळायला शाळा लागत नाही.

मी पाणी उपसलं. काठी पुसली. आणि लिहिलं : उडालं.

मालकांना सांगितलं होतं, हे माझ्या बाजूनं. ते म्हणाले, बघू. त्यांनी बघितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. पुढं पंप बंद झाला तेव्हा दोन टाक्या काढल्या. तिसरी काढायची तर ओटा फोडावा लागला असता. मालक म्हणाले, "रिकामीच आहे ना? मग राहू दे." मी शेवटचा डिप घेतला होता. काठीवर वीतभर ओल होती, म्हणजे तळाशी पेट्रोल होतं. मी म्हणालो, "हो, रिकामीच आहे." झाकणावर माती टाकली. वर गवत उगवलं. मालक वारले. तिसरी टाकी तिथं आहे हे माहीत असलेला माणूस एकटा मी उरलो.

दहा बादल्या

पंपाच्या मागच्या भिंतीला लागून गयाबाईंचं घर. दोन एकर शेत, एक म्हैस आणि अंगणात बोअर. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, मी त्यांना अक्का म्हणायचो. त्या तूट वाढलेल्या वर्षीच एकदा त्या तांब्या घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"मनेजर, वास घ्या."

मी घेतला. एका श्वासात कळलं.

"लई दिसापासून येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले माणसं. प्यावं का न्हाई?"

नाही म्हणायला एक क्षण लागला असता. मग त्यांनी का विचारलं असतं, मग टाकी, मग मालक, मग माझी नोकरी. माझ्या तोंडून निघालं, "पाइपात साचतं, अक्का. आधी दहा बादल्या सोडून द्या. मग भरा."

दहाच का? मला आजही माहीत नाही. आठ म्हणालो असतो तरी चाललं असतं.

चार दिवसांनी त्या हसत आल्या. "हाव बरं का मनेजर, दहाव्या बादलीला वास जातो. डोकं हाय तुम्हाला!" आमच्याकडे पाणी कुणी सोडून देत नाही. त्या दहा बादल्या त्यांनी अंगणातल्या लिंबाच्या झाडाला घालायला सुरुवात केली, आणि अकराव्या बादलीपासून पिण्याचं भरायला.

ठिबक

दवाखान्यातले दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. पहाटे रक्त घ्यायला येणारी सिस्टर. "काका, शीर कुठं लपवली आज?" मग बाटली लागायची. कुणा अनोळखी माणसाचं रक्त थेंब थेंब माझ्यात उतरायचं आणि दुपारी मला झोप आणि जाग यांच्या मधली एक गुंगी यायची. त्या गुंगीत खाट जमिनीवर नसायची. ती गवतावर असायची, आणि गवताखाली काहीतरी मोठं, गोल, हळूहळू श्वास घेत असायचं. थेंब वरून पडतोय की खाली झिरपतोय हे कळायचं नाही. कधी माझ्या नडगीवरचे निळे डाग उठून पाण्यावर जायचे आणि त्या पाण्यात गयाबाई बादली बुडवायच्या. मला ओरडायचं असायचं. तोंडातून एकच शब्द यायचा, दहा.

बाटली संपली की जिभेला चव यायची. ही या आजारातली मोठी दया. दुसरी म्हणजे मेहुण्याची सकाळची पूजा. दवाखान्यातून सुट्टी मिळून त्याच्या घरी राहत होतो तेव्हा दारातून दिसायचं, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन तो डोळे मिटून बसलेला. दुकान उघडायची घाई असली तरी तेवढा वेळ घरात पान हलायचं नाही. मी काही मागत नसे. त्या शांततेत माझं फक्त वजन कमी व्हायचं.

मला कच्चं काही चालत नव्हतं. पाणी तर सुनंदा दोनदा उकळायची, गाळायची, झाकायची, वर तारीख घातल्यासारखं कोणत्या वेळचं ते लक्षात ठेवायची. "हे सकाळचं, हे पिऊ नका," म्हणून चांगलं पाणी ओतून द्यायची. लातुरात! मी पेला हातात धरून बसायचो. घशाखाली उतरायचं नाही. तिला वाटायचं औषधानं मळमळतंय.

लिंबं

गयाबाई एसटीनं लोह्याकडून लातूरला आल्या. त्यांना मी आजारी असल्याचं कुणी सांगितलं माहीत नाही. सुनंदानं त्यांना मास्क दिला आणि दाराशीच खुर्ची टाकली.

"अगं माय, मनेजर," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पावडर लावून बसलेत का काय? नवरीवाणी पांढरे झालेत!"

सुनंदा किती दिवसांनी हसली.

त्यांनी पिशवी उघडली. पिवळी, पातळ सालीची लिंबं. खोली वासानं भरून गेली असणार, कारण सुनंदानं डोळे मिटून श्वास घेतला. मला मात्र फक्त पंपाचा वास आला. तापलेली दुपार, ती गोडी.

"तुमच्या दहा बादल्यांचं झाड हाय हे," त्या म्हणाल्या. "रोप लावणाऱ्यापेक्षा पाणी पाजणारा मोठा. घ्या. सरबत करून द्या ओ वैनी."

मग त्यांनी गल्लीची खबर दिली. पंपाच्या जागेजवळ कुणी घराचा पाया खोदला तर मातीला वास आला. तक्रार झाली. जमीन-पाणी तपासणारे लोक आलेत, एक पोरगी मुख्य आहे, रोज खड्डे पाडतात, माती काचेच्या बरण्यांत भरतात, बोअरचं पाणी नेतात. "काढलेल्या टाक्याचे दोन्ही खड्डे उकरले. कायच सापडंना. आता म्हणून राहिलेत की पंपाचं न्हाई, दुसरीकडूनच कुठून येतंय. उठून जातील चार दिसात."

"पाणी पिऊ नका म्हणाले असतील," मी कसाबसा बोललो.

"म्हणाली ती पोरगी. म्या म्हणलं, काल आलेल्या तुझं ऐकू का आमच्या मनेजरचं? दहा बादल्या सोडून आमी इतकी वर्सं पिऊन राहिलो. साऱ्या गल्लीला मीच सांगितलंय. नवी सून आली की पहिलं हेच सांगते."

मी भिंतीकडे तोंड केलं. "दमले," त्या सुनंदाला म्हणाल्या, "झोपू द्या." आणि हळूच उठून गेल्या. मी त्यांना तसंच जाऊ दिलं. हे लिहिताना कमरेतल्या सुईपेक्षा जास्त दुखतं.

नाक

दोन दिवसांनी ती मुलगी आली. कल्याणी. लातूरचीच, तिशीच्या आतली, बोटांच्या पेरांत माती. मालकांच्या मुलाकडं तिला जुनी डिपची वही सापडली होती, त्यावर माझी सही होती. तिनं मोबाइलवर पानांचे फोटो दाखवले. माझं अक्षर. ओळीमागून ओळ.

"काका, हे 'उडालं' म्हणजे काय?"

"पेट्रोल उडतं ना. उन्हाळ्यात."

तिनं फोटो सरकवला. "पण हे श्रावणात उडालंय. भर पावसात उन्हाळ्यापेक्षा जास्त उडालंय. आणि हे तीन नंबर काय आहे? पंप बंद करतानाच्या नकाशावर दोनच टाक्या आहेत."

सुनंदा गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवून दारात उभी होती. मी आधी तिच्याकडे बघितलं. मग बोललो. काठीचं लाल टोक, वीतभर ओल, ओटा, गवत, दहा बादल्या. एका दमात, उलटी झाल्यासारखं.

कल्याणी बराच वेळ लिहीत होती. मी म्हणालो, "पण अक्का म्हणतात, दहाव्या बादलीला वास जातो. ते कसं?"

"वास जात नाही काका. नाक थकतं. कोणताही वास सारखा घेतला की थोड्या वेळानं नाकाला तो कळेनासा होतो. दहा बादल्या उपसेपर्यंत त्यांचं नाक थकत असणार. पाणी पहिल्या बादलीत जे आहे तेच अकराव्या बादलीत."

म्हणजे माझं खोटं नाकानं खरं केलं होतं.

ती गेल्यावर सुनंदा दारातच उभी राहिली. पातेलं तसंच राहिलं. पाणी आटून गेलं, बूड जळालं, घरभर धूर झाला तेव्हा ती धावली. परत आली ती काळं पातेलं हातात घेऊनच.

"मी इथं दोनदा उकळून तुम्हाला पाजून राहिले," ती म्हणाली, "आणि तिकडं ती बाई तुमच्या नावानं..." तीन दिवस तिनं गोळ्या दिल्या, जेवण दिलं, पाणी उकळलं, पण माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "ती पोरगी सांगेल. पण तिचं कुणी ऐकणार नाही. तुम्हालाच जावं लागेल. मी येते."

स्टूल

डॉक्टर नको म्हणत होते. पुन्हा एकदा रक्त चढवून, मास्क, टोपी, स्वतःच्या पाण्याची बाटली, अशी परवानगी मिळाली. सकाळच्या वेळी मेहुण्याच्या गाडीतून आम्ही निघालो. मी आधी पंपाच्या जागेवर उतरलो. ओटा ओळखू येत नव्हता. मी मागच्या भिंतीपासून गवतात सोळा पावलं मोजली आणि टाच दाबली. कल्याणीच्या माणसांनी पहार मारली. हातभर खाली गेल्यावर टण्ण आवाज आला. मग तो वास वर आला, आणि पहिल्यांदाच मला तो आवडला नाही.

भिंतीला वळसा घालून गयाबाईंच्या अंगणात गेलो. त्या लिंबाला पाणी घालत होत्या. सातवी-आठवी बादली असेल.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"तवा ठावं होतं तुम्हाला?"

"हाव."

"तांब्या नाकाला लावला तवा?"

"हाव, अक्का."

त्या झाडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्या शिव्या देतील. मी त्याचीच वाट बघत होतो, शिव्यांनी बरं वाटलं असतं.

"म्या सांगितलं तवा गल्लीनं ऐकलं," त्या शेवटी म्हणाल्या. "आता म्या उलटं सांगितलं तर म्हणतील म्हातारीला चळ लागला. तुमच्या तोंडानं सांगा. घरोघर."

आणि आत जाऊन त्यांनी प्लॅस्टिकचं लाल स्टूल आणलं. मला उभं राहवत नव्हतं हे त्यांनी बघितलं होतं.

गल्लीत अक्कांचं सोडून अकरा घरं. प्रत्येक दाराशी त्या स्टूल ठेवायच्या, मी बसायचो, त्या बाजूला तोंड करून उभ्या राहायच्या. मी सांगायचो की मी खोटं बोललो होतो, दहा बादल्या सोडल्यानं काही होत नाही, हे पाणी पिऊ नका, टँकर येईल तोवर शेजारच्या वस्तीवरून आणा, आणि रक्त तपासून घ्या. एका पोरानं विचारलं, "मग इतके दिवस काय झोपले होते का?" एका सुनेनं पोटावर हात ठेवला आणि दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं चहा विचारला, त्याला बहुधा काही कळलंच नव्हतं. ऊन वाढत होतं. गल्ली मला तरंगत असल्यासारखी दिसत होती, दारं, तुळशी, वाळत घातलेली लुगडी, आणि पुढं चालणारं ते लाल स्टूल.

टाकी आता निघाली आहे. भोवतालची काळी माती खणून नेली, बोअरला सील आहे, पाणी साफ व्हायला किती वर्षं लागतील ते कल्याणी सांगत नाही. माझ्या मगजानं पुन्हा थोडं काम सुरू केलंय. डाग गेले. गल्लीतल्या लोकांच्या तपासण्या चालू आहेत आणि मी माझ्या रिपोर्टपेक्षा त्यांच्या रिपोर्टांची वाट जास्त बघतो. सुनंदा अजून पाणी दोनदा उकळते. मी पितो. गोड लागतं असं म्हणणार नाही.

पण त्या दिवशी अकरावं घर झाल्यावर मी उठलो. गाडीकडे वळलो तर गयाबाई पुढं गेल्या होत्या. त्यांनी स्टूल आपल्या उंबऱ्यासमोर ठेवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. शेजारी आदल्या दिवशी भरलेली घागर होती.

"माझं घर ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "मलाबी सांगा."

मी बसलो. मघाशी अंगणात सांगितलं होतं ते गुन्हेगार म्हणून. आता त्यांना दारात आलेल्या माणसाकडून ऐकायचं होतं, त्यांनी कधीतरी टेबलासमोर उभं राहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

"अक्का," मी म्हणालो, "वास येतोय. हे पाणी पिऊ नका."

त्यांनी मान हलवली. घागर उचलून दगडावर हळूहळू रिती केली, पाणी कुठं वाहत गेलं ते बघितलंही नाही, आणि घागर उपडी घालून ठेवली. मग पदरानं हात पुसत आत गेल्या.

स्टूल त्यांनी आत नेलं नाही. मी त्यावर बराच वेळ बसून राहिलो.